परभाषेच्या शिक्षकांचे देशाटन

शाळेत परभाषा शिकविणाऱ्या शिक्षकाची एक अडचण अशी आहे की, ती कोणत्याही शिक्षणखात्याच्या दप्तरात नोंदली जात नाही आणि तो स्वतःही ती सहसा बोलून दाखवीत नाही. गणिताच्या शिक्षकाने सारी नोकरी अपूर्णांक शिकविण्यात घालविली तरी त्याचे अपूर्णांकांचे ज्ञान त्यामुळे उणावत नाही; परंतु ज्याला दिवसभर, परभाषेत नुकत्याच पाऊल टाकणाऱ्या मुलांशी, त्यांना पेलतील अशा मोजक्या क्रियापदांत आणि ठरीव वाक्यांत बोलावे लागते, आणि शाळेबाहेर पडल्यावर ती भाषा ज्याच्या कानांवर आठवडेच्या आठवडे पडत नाही, अशा शिक्षकाची स्वतःची भाषा वर्षागणिक आकसत जाऊन अखेरीस त्याच्या पाठ्यपुस्तकाच्या मापाची होऊन बसते. व्याकरणाचे नियम त्याला मुखोद्गत असतात, परीक्षकांच्या खोडी त्याला ठाऊक असतात. मात्र त्या भाषेत कोणी अकस्मात थट्टा केली किंवा भरभर काही विचारले, तर त्याची जीभ अडखळते. ही जाणीव एकदा झाली की तो वर्गात परभाषा कमी बोलू लागतो, मातृभाषेतून परभाषेविषयी अधिक बोलू लागतो, आणि मुलांना त्या भाषेची माहिती मिळत राहते, भाषा तेवढी मिळत नाही.

वस्तुतः ही तक्रार जुनी आहे. जर्मनीत विल्हेल्म व्हिएटर या भाषाशास्त्रज्ञाने १८८२ साली टोपणनाव धारण करून एक जहाल पुस्तिका प्रसिद्ध केली आणि, ज्या भाषा बोलणारे लोक आता उरलेले नाहीत त्या लॅटिन व प्राचीन ग्रीक भाषा शिकविण्याची जी रीत, तीच फ्रेंच-इंग्रजीसारख्या चालत्याबोलत्या भाषांना जुंपण्याचा शिरस्ता मोडून काढला पाहिजे असा पुकारा केला. चारच वर्षांनी, १८८६ साली, पॅरिसमध्ये पॉल पासी याच्या पुढाकाराने भाषाशिक्षकांची जी छोटी संस्था निघाली तिचेच पुढे आंतरराष्ट्रीय ध्वनिशास्त्र संस्थेत रूपांतर झाले. विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंड, फ्रान्स आणि प्रशिया यांनी तरुण भाषासाहाय्यकांची आपसांत अदलाबदल सुरू केली. तथापि या अदलाबदलीचा लाभ मुख्यतः ज्यांच्या पायांत अद्याप संसाराची बेडी पडलेली नाही अशा पदवीधरांना झाला. ज्याच्या नावावर वर्ग लावून दिलेले आहेत, तपासावयाच्या वह्यांचा ढीग ज्याच्या टेबलावर आहे आणि ज्याची रजा मंजूर करताना मुख्याध्यापकाच्या कपाळावर आठी पडते, तो नोकरीतला शिक्षक होता तेथेच राहिला.

या शिक्षकाला बाहेर काढण्याचा पद्धतशीर प्रयत्न युरोपात झाला तो गेल्या शतकाच्या अखेरीस. विद्यापीठांतील विद्यार्थ्यांना एकमेकांच्या देशांत शिकावयास पाठविणारी एरास्मस ही योजना १९८७ साली सुरू झाली, १९८९ साली परभाषांच्या अध्ययन-अध्यापनासाठी लिंग्वा ही योजना मंजूर झाली, आणि १९९५ पासून शालेय शिक्षणासाठी कोमेनियस ही शाखा निघाली. एरास्मस हे नाव इंग्रजी आद्याक्षरे ओढूनताणून जुळवून आणलेले आहे हे खरे, आणि सरकारी कचेऱ्यांना असल्या जुळवाजुळवीची हौस सर्वत्र सारखीच असते. परंतु या वेळी योग निराळा होता. रॉटरडॅमचा एरास्मस पॅरिसमध्ये शिकला, इंग्लंडमध्ये राहिला, १५०६ साली इटलीतील तुरीन येथे त्याने पदवी घेतली आणि १५३६ साली स्वित्झर्लंडमधील बाझल येथे त्याचा अंत झाला. आयुष्यभर फिरस्ता राहिलेला हा पंडित पॅरिसमध्ये शिकवण्या करून पोट भरीत असताना आपल्या शिष्यांना लॅटिन बोलता यावे म्हणून छोटे छोटे संवाद लिहून देई. तेच १५१८ साली प्रथम छापले गेले आणि पुढे वाढत जाऊन त्याच्या सुप्रसिद्ध संवादसंग्रहाला कारण झाले. कोमेनियस हा तर धर्मच्छळामुळे मायदेशातून परागंदा झालेला मोराव्हियन शिक्षक. पोलंड, इंग्लंड, स्वीडन, हंगेरी आणि हॉलंड असा त्याचा प्रवास. १६३१ साली त्याने लॅटिन शिकण्याचे एक नवे पाठ्यपुस्तक लिहिले आणि १६५८ साली मुलांसाठी चित्रांतून शब्द शिकविणारे पुस्तक काढले. तेव्हा भाषाशिक्षकांच्या देशाटनाला या दोघांची नावे देण्यात कचेरीला नकळत का होईना औचित्य साधले. २०१४ साली या साऱ्या शाखा एरास्मस प्लस या एकाच छत्राखाली आल्या. त्यासाठी २०१४ ते २०२० या सात वर्षांकरिता सुमारे १,४७० कोटी युरोंची तरतूद होती आणि २०२१ ते २०२७ या मुदतीसाठी ती सुमारे २,६०० कोटींवर गेली. यांतील मोठा हिस्सा विद्यापीठांकडे जातो. शाळांचा वाटा त्या मानाने लहानच.

एवढा खर्च करण्याची निकड का भासली, याचा उलगडा दोन गोष्टींवरून होतो. मार्च २००२ मध्ये बार्सिलोना येथे भरलेल्या युरोपीय राष्ट्रप्रमुखांच्या बैठकीत असे ठरले की, प्रत्येक मुलाला मातृभाषेखेरीज निदान दोन परभाषा अगदी लहान वयापासून शिकविल्या जाव्यात. ठराव करणे सोपे असते. त्यानंतर २०११ साली चौदा देशांतील सुमारे ५४,००० शाळकरी मुलांची जी परभाषा-परीक्षा घेण्यात आली आणि जिचा अहवाल पुढल्या वर्षी प्रसिद्ध झाला, तिने या ठरावाची खरी स्थिती उघड केली. कौन्सिल ऑफ युरोप या संस्थेने २००१ साली जी सहा पायऱ्यांची सामायिक मोजपट्टी प्रसिद्ध केली, तिच्यातील तिसरी, म्हणजे बी-१ ही पायरी गाठलेला मनुष्य परभाषेत आपले व्यवहार स्वतंत्रपणे चालवू शकतो असे मानतात. पहिल्या परभाषेत ही पायरी किंवा तिच्या वरची पायरी गाठणारी मुले स्वीडनमध्ये आणि माल्टात शेकडा ८२ निघाली, फ्रान्समध्ये शेकडा १४ आणि इंग्लंडात शेकडा ९. अर्थात स्वीडनची परभाषा इंग्रजी होती आणि इंग्लंडची फ्रेंच. शिवाय स्वीडनमध्ये परदेशी चित्रपट मूळ भाषेतच, खाली अक्षरे उमटवून दाखवितात, त्यामुळे तेथले मूल शाळेत जाण्यापूर्वीच इंग्रजी ऐकत असते, तर फ्रान्समध्ये तेच चित्रपट फ्रेंचमध्ये बोलते करून दाखविण्याची रीत आहे. एकट्या शिक्षकाच्या माथी हा सारा दोष मारणे अन्यायाचे होईल. परंतु त्याच पाहणीत असेही दिसून आले की, ज्या वर्गांत शिक्षक आणि विद्यार्थी परभाषेचा प्रत्यक्ष वापर अधिक करतात तेथे गुणही साधारणतः चढे असतात, आणि हे कलम मात्र सरळ शिक्षकाच्या जिभेपाशी येऊन थांबते.

आता हे शिक्षक परदेशी जाऊन करतात तरी काय? सर्वसाधारण प्रकार असा की, एक किंवा दोन आठवड्यांचा वर्ग असतो, बहुधा शाळेच्या सुट्टीत, जुलै-ऑगस्ट महिन्यांत. इंग्रजीसाठी डब्लिन किंवा माल्टा, फ्रेंचसाठी विशी किंवा बझांसाँ, जर्मनसाठी जर्मनीतील वा ऑस्ट्रियातील एखादे शहर. सकाळी अध्यापनपद्धतीची चर्चा, गोष्ट सांगून तिच्यातून भाषा कशी काढावी, उच्चार कसे घोटून घ्यावेत, नाट्यप्रवेश आणि खेळ यांचा उपयोग कसा करावा इत्यादी. दुपारी गावात हिंडणे, संग्रहालये पाहणे, आणि रात्री पुष्कळदा एखाद्या स्थानिक कुटुंबात मुक्काम. पंधरा दिवसांत कोणाचीही भाषा पालटत नाही, आणि जे चालक तसा वायदा करतात त्यांच्या जाहिराती वाचून बाजूला ठेवाव्यात. पालट होतो तो दुसऱ्याच ठिकाणी. वर्गात शेजारी बसलेली पोलिश शिक्षिका, पलीकडचा स्पॅनिश मुख्याध्यापक आणि समोरचा तुर्की शिक्षक यांच्याशी बोलावयाचे तर मध्ये इंग्रजीवाचून दुसरी भाषाच नसते. म्हणजे जी भाषा आजवर केवळ प्रश्नपत्रिकेचा विषय होती, तिच्यावाचून जेवणाच्या टेबलावर मीठही मागता येत नाही अशी अवस्था प्रथमच अनुभवास येते. आणि त्याहून महत्त्वाचे असे की, पंचेचाळीस-पन्नास वर्षांचा, स्वतःच्या शाळेत ज्याच्या चुका काढण्याची कोणाची छाती नाही असा गृहस्थ, पुन्हा बाकावर बसतो, उत्तर येत नाही म्हणून खाली मान घालतो, चुकीचे बोलून ओशाळतो आणि कोणी सांभाळून घेतले की सुखावतो. मुलांना परभाषेत तोंड उघडण्याची भीती का वाटते, हे शिक्षणशास्त्राच्या ग्रंथांत त्याने वाचलेले असते. येथे ते त्याच्या अंगावरून जाते. माझ्या मते या साऱ्या खटाटोपातील सर्वांत किमती गोष्ट हीच होय.

याहून स्वस्त आणि कित्येकदा अधिक फलदायी असा दुसरा प्रकार आहे, ज्याला तिकडे जॉब शॅडोइंग म्हणतात. यात वर्ग नसतो, फी नसते, प्रमाणपत्राची झूलही बेताचीच. दुसऱ्या देशातील एखाद्या शाळेत जाऊन तेथल्या सहव्यवसायी शिक्षकाच्या मागोमाग आठवडाभर हिंडावयाचे, त्याच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसून पाहावयाचे. प्रश्न विचारल्यावर हा शिक्षक किती वेळ गप्प राहू शकतो, मुलाचे वाक्य चुकले तर मध्येच तोडतो की पुरे होऊ देतो, मातृभाषा केव्हा वापरतो, वह्या किती तपासतो आणि किती न तपासता सोडतो, या गोष्टी कोणत्याही पुस्तकात सविस्तर सापडत नाहीत, आणि स्वतःच्या शाळेत तर शेजारच्या वर्गाचे दार उघडून पाहण्याचा प्रघातच नसतो. परदेशात पाहुणा म्हणून गेलेल्याला ते विनासंकोच पाहता येते.

एवढे सगळे असूनही, परतलेला शिक्षक चार दिवस उत्साहाने गाणी म्हणवून घेतो आणि दिवाळीची सुट्टी आपल्याकडे जशी हां हां म्हणता विरते तसा त्याचा उत्साहही परीक्षांच्या वेळापत्रकात विरून जातो, असा अनुभव युरोपातही आला. कोमेनियस योजनेच्या काळात शिक्षक स्वतःच्या नावे अर्ज करी, स्वतःस रुचेल तो वर्ग निवडी आणि परतल्यावर मुख्यतः स्वतःपुरताच शहाणा होई. २०१४ साली नियमांत जो बदल झाला तो वरवर पाहता कारकुनी स्वरूपाचा, परंतु माझ्या समजुतीप्रमाणे या योजनेच्या इतिहासातील तो सर्वांत विचारपूर्वक केलेला बदल होय. त्यानुसार अर्जदार शिक्षक राहिला नाही. अर्जदार झाली शाळा. शाळेने आपल्या गरजांची कैफियत मांडावी, पुढल्या काही वर्षांत भाषाशिक्षणात काय साधावयाचे आहे त्याचा आराखडा जोडावा, कोणाला कशासाठी पाठविणार आणि तो परतल्यावर त्याने शिकलेले इतरांपर्यंत कसे पोहोचविणार हे लिहून द्यावे, आणि मग त्या देशातील राष्ट्रीय कचेरीने गुणवत्ता पाहून मंजुरी द्यावी. प्रवासखर्च अंतराच्या मानाने, राहण्याजेवण्याचा खर्च त्या त्या देशाच्या महागाईच्या मानाने, आणि वर्गाची फी त्या काळी माणशी दिवसाला ७० युरो, तीही जास्तीत जास्त ७०० युरोंपर्यंत, असा हिशेब. हे कागद भरताना मुख्याध्यापकांच्या तोंडून निघणारे उद्गार सर्व देशांत सारखेच असतील. परंतु ते कागद भरण्यासाठी शिक्षकांना एकत्र बसावे लागते, आणि आपल्या शाळेत परभाषा नीट का येत नाही हा प्रश्न त्या निमित्ताने, कित्येक ठिकाणी प्रथमच, उघडपणे विचारला जातो.

इटलीचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. तेथे २०१० सालच्या सुधारणांनी असे ठरविले की, उच्च माध्यमिक शिक्षणाच्या शेवटच्या वर्षी एक विषय, उदाहरणार्थ इतिहास किंवा पदार्थविज्ञान, परभाषेतून शिकवावा. आणि २०१४-१५ पासून त्याची सार्वत्रिक अंमलबजावणी व्हावी. विषय आणि भाषा एकत्र शिकविण्याच्या या पद्धतीला क्लिल असे संक्षिप्त नाव असून ते १९९० नंतरच्या दशकात प्रचारात आले. कल्पना उत्तम, परंतु ती राबविणार कोण? भाषेचा शिक्षक पदार्थविज्ञान जाणत नाही आणि पदार्थविज्ञानाच्या शिक्षकाचे इंग्रजी त्याच्या विद्यार्थिदशेत गोठलेले. त्याच्याकडून अपेक्षा मात्र सी-१ या, म्हणजे सहांपैकी पाचव्या पायरीची! इटलीतील शिक्षकवर्ग युरोपातील सर्वांत वयस्क शिक्षकवर्गांपैकी एक आहे हे लक्षात घेतले म्हणजे या अपेक्षेचे ओझे कळते. पुष्कळ शाळांनी एरास्मस प्लसचा आधार घेतला तो याच निकडीपोटी, आणि त्यामुळे एक अनपेक्षित गोष्ट घडली: परभाषा ही एकट्या भाषाशिक्षकाची जबाबदारी न राहता ती शिक्षकांच्या सामायिक खोलीतील चर्चेचा विषय झाली.

इंग्लंडची कथा याच्या उलट्या दिशेने जाते. तेथे २००४ साली चौदा वर्षांवरील विद्यार्थ्यांसाठी परभाषा ऐच्छिक करण्यात आली आणि फ्रेंच-जर्मन घेणाऱ्यांची संख्या झपाट्याने ओसरली. पुढे सप्टेंबर २०१४ पासून सात ते अकरा वर्षांच्या मुलांना परभाषा शिकविणे प्राथमिक शाळांवर बंधनकारक झाले. प्राथमिक शिक्षक सगळेच विषय शिकवितो. तेव्हा ज्याचे फ्रेंच स्वतःच्या शाळेतील पुसट आठवणींपुरतेच उरले होते, अशा शिक्षकावर एकाएकी फ्रेंच शिकविण्याची पाळी आली. फ्रान्समध्ये किंवा स्पेनमध्ये आठवडा-दोन आठवडे काढून आलेल्या शिक्षकांचा अशा शाळांना मोठाच आधार होता. परंतु ब्रिटनने युरोपीय संघाशी काडीमोड घेतला आणि त्याबरोबर या योजनेतूनही अंग काढून घेतले. तिच्या जागी २०२१ साली जी टुरिंग योजना आली ती विद्यार्थ्यांच्या परदेशगमनाला साहाय्य करते, शिक्षकांच्या प्रशिक्षणाला नव्हे. इकडे युरोपीय संघात इंग्रजीला राजभाषेचे स्थान देणारी राष्ट्रे आयर्लंड आणि माल्टा ही दोनच उरली, आणि इंग्रजीच्या शिक्षकांचा ओघ साहजिकच तिकडे वळला.

हा ओघ म्हटला की त्याच्या काठावर दुकाने थाटली जाणारच. वर्ग चालविणाऱ्या संस्था बहुतेक खाजगी आहेत. त्यांना कोणत्याही सरकारी कचेरीची मोहोर लागत नाही, निवडीची जबाबदारी सर्वस्वी शाळेची. त्यामुळे उत्कृष्ट वर्गांच्या बरोबरीने, समुद्रकिनारा आणि ऊन यांच्या आधाराने चालणारे वर्गही आहेत, ज्यांत अध्यापनपद्धती तोंडी लावण्यापुरतीच असते. शिक्षकाला पंधरा दिवस विसावा मिळाला तर त्यात मी वावगे मानणार नाही. परंतु त्याला प्रशिक्षण म्हणू नये. दुसरा दोष अधिक खोल आहे. ज्याला भाषेचा आत्मविश्वास आहे तोच पुढे येऊन नाव देतो, आणि ज्याची जीभ सर्वांत अधिक गोठलेली तो घरच्या अडचणी सांगून मागे राहतो. वर्गाचे माध्यमच परभाषा असल्यामुळे कमकुवत शिक्षकाला उंबरठाच ओलांडता येत नाही. काही शाळा अशा शिक्षकाला आधी स्वतःच्या गावी भाषेची तयारी करवून घेऊन मग, एखाद्या सहकाऱ्याच्या जोडीने, पाठवितात. हा उपाय साधा आहे आणि तो सर्वत्र होत नाही.

महाराष्ट्राला हा विषय अगदीच परका नाही. जर्मनीतील ग्योटे इन्स्टिट्यूट ही संस्था १९५१ साली स्थापन झाली तेव्हा परदेशांतील जर्मन शिक्षकांना जर्मनीत आणून त्यांचे प्रशिक्षण करणे हेच तिचे आरंभीचे कार्य होते. आणि पुण्या-मुंबईत ती मॅक्स म्यूलर भवन या नावाने परिचित आहे. जपान फाउंडेशनने १९८९ साली टोकियोजवळ उरावा येथे परदेशी जपानी-शिक्षकांसाठी निवासी संस्था काढली. पुण्यातील रानडे इन्स्टिट्यूटच्या परिसरात ज्यांनी जर्मन, फ्रेंच किंवा जपानीचे पहिले धडे गिरविले त्यांतील कित्येकांच्या शिक्षकांनी अशा प्रशिक्षणाचा लाभ घेतलेला असतो. परंतु हे भाग्य काही मोजक्या भाषांच्या शिक्षकांचे. महाराष्ट्र शासनाने २००० साली इयत्ता पहिलीपासून इंग्रजी सुरू केले तेव्हा जिल्हा परिषदांच्या शाळांतील हजारो गुरुजींची आणि बाईंची स्थिती चौदा वर्षांनंतरच्या त्या इंग्लिश प्राथमिक शिक्षकासारखीच होती, आणि त्यांना डब्लिनला धाडण्याची भाषा कोणी केली असती तर ती थट्टाच ठरली असती. शेवटच्या बाकावर बसून दुसऱ्याचा वर्ग पाहण्यासाठी मात्र पासपोर्ट लागत नाही. नाशिकच्या शिक्षिकेला कोल्हापूरच्या शाळेत आठवडाभर पाठविण्यास लागतो तो एक हुकूम आणि बदली शिक्षकाची सोय.

युरोपात सध्या जी व्यवस्था चालू आहे तीत २०२१ पासून शाळांना एकदाच मान्यता मिळविण्याची सवलत आहे. ती मिळाली म्हणजे दरसाल नव्याने सबंध प्रकरण सिद्ध करावे लागत नाही, केवळ निधीची मागणी नोंदवावी लागते; आणि ज्या लहान गावांतील शाळांना एवढाही कारभार झेपत नाही त्यांना एखाद्या मध्यवर्ती संस्थेच्या संघात सामील होऊन तिच्या दप्तरावर आपले शिक्षक पाठविता येतात. त्यामुळे आज एक, उद्या दुसरा अशी साखळी धरता येते. पहिला शिक्षक परक्या शाळेत ओळख काढून येतो; मग २००५ पासून चालू असलेल्या ईट्विनिंग या व्यवस्थेतून दोन्ही शाळांची मुले संगणकावर एकमेकांशी बोलू-लिहू लागतात, पोलंडमधील मूल स्पेनमधील मुलाला आपल्या कुत्र्याविषयी इंग्रजीत लिहिते, आणि दोघांचेही इंग्रजी मोडकेच असल्यामुळे कोणालाच संकोच वाटत नाही. पुढल्या वर्षी दुसरा शिक्षक जातो तो त्या मुलांची नावे पाठ करून.